भट्टीच्या अलीकडचा बाजार

पुण्यात नवं हत्यार घ्यायचं तर माणूस बोहरी आळीत जातो आणि जुनं घ्यायचं तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. बोहरी आळी रोजची, जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. बरेच लोक तिथे नाणी, ग्रामोफोन, पितळी दिवे बघायला येतात, फोटो काढतात आणि परत जातात. त्यांना जाऊ द्यावं. खरा माल खाली, तेलकट ताडपत्रीवर पसरलेला असतो: पाने, पकडी, कानशी, पटाश्या, एका जबड्याचा शेगडा, दांडा नसलेले हातोडे, आणि बोथट ड्रिल बिटांनी भरलेला वनस्पती तुपाचा डबा. त्याभोवती माणसं उकिडवी बसलेली. त्यात आमच्यासारखे हौशी थोडेच. गॅरेजात नुकताच लागलेला पोरगा, दोन-चार कामं अंगावर घेऊन स्वतंत्र झालेला सुतार, खिडक्यांच्या जाळ्या करणारा वेल्डर, अशांचा भरणा जास्त. नव्या पेटीचे पैसे एकरकमी काढणं ज्यांना जड जातं, त्यांची हत्यारं इथून एकेक करून जमतात.

हा माल चोरीचा असतो, असं सरसकट सांगून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. थोडा असेलही, पण बाकीच्याचा उगम शोधला तर तो या शहराच्या इतिहासातच सापडतो. कारखाना बंद पडला की लेथ आणि मिलिंग मशीन लिलावात जातात, वर्कबेंचच्या ड्रॉवरमधलं सामान मात्र किलोवर उचललं जातं. निवृत्त फिटरची लोखंडी पेटी माळ्यावर पडून राहते आणि वाडा पाडून इमारत उभी राहायची वेळ आली, की भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करून मिटल्या. गिरणी म्हटलं की आपल्याला साचे आणि चात्या आठवतात. पण साचे चालते ठेवायला प्रत्येक गिरणीचं स्वतःचं वर्कशॉप असे आणि त्यात फिटर, टर्नर, सुतार, लोहार असे सगळे असत. त्यांची हत्यारंही यंत्रांच्या पाठोपाठ भंगारात गेली.

त्याहून जुना थर लष्कराचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांचं उरलेलं सामान सरकारने लिलावात काढलं. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी तेव्हापासूनचा. खडकी-देहूरोडच्या लष्करी परिसरामुळे पुण्यात अशा मालाचं अप्रूप कधी नव्हतं. हातोड्याच्या किंवा पान्याच्या पोटावर कोंबडीच्या पायासारखी तीन रेघांची खूण दिसली, तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची बाणाची खूण. शेजारी साल ठोकलेलं असतं, ते १९४२-४३ असलं तर हत्यार युद्धातलं.

ताडपत्रीवरून जे विकलं जात नाही, ते शेवटी वजनावर जातं. बीड असेल तर ते फाउंड्रीत वितळतं, पोलाद असेल तर जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्टीत. तिथून सळई होऊन ते कुणाच्या तरी स्लॅबमध्ये पडतं. जुना बाजार हा त्या भट्टीच्या अलीकडचा शेवटचा थांबा आहे, आणि इथल्या भावाचं गणितही तिथेच ठरतं: विक्रेत्याला भंगाराच्या दरापेक्षा चार पैसे जास्त मिळाले की सौदा होतो.

या भट्टीमुळेच एक गैरसमज पोसला जातो. जुनी हत्यारं नव्यापेक्षा नेहमी सरस, असं म्हणणारे डोळ्यांसमोर उरलेली हत्यारं ठेवून बोलतात. त्या काळातही भिकार माल बनत होता. तो तुटला, वाकला आणि कधीच वितळला. साठ-सत्तर वर्षं टिकलेला पाना चांगला असतो, कारण वाईट पाने साठ वर्षं टिकत नाहीत. तेव्हा 'जुनं ते सोनं' ही म्हण बाजारात शिरताना बाहेर ठेवावी. काही गोष्टी जुन्याच घ्याव्यात, काहींना हातही लावू नये.

जुन्याच घ्याव्यात अशांत पहिला मान लोखंडी रंध्याचा. अमेरिकेत लिओनार्ड बेली नावाच्या कारागिराने पातं खालीवर करायचा स्क्रू असलेला रंधा घडवला. स्टॅन्ली कंपनीने १८६९ साली त्याची पेटंटं घेतली. पुढे शेफिल्डच्या रेकॉर्डने १९३० च्या दशकात आणि नंतर भारतीय कारखान्यांनी जवळपास तोच रंधा काढला. आजही सुताराच्या हातात दिसतो तो हाच. फरक घडणीत आहे. बिडाचं ओतकाम थंड होताना त्यात ताण राहतो आणि घाई करून घासलेला तळ पुढे वाकतो. चांगले कारखाने ओतकाम महिनोन्महिने तसंच पडू देत आणि मगच तळ सपाट करत. जुन्या रंध्यात जेवढं वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं. एकदा घासून सरळ केला की तो सरळ राहतो.

एका रविवारी असाच एक रंधा ताडपत्रीच्या कडेला, पंख्याच्या मोटारीखाली दबलेला दिसला. वरून गंजून तांबडा झालेला, मागची लाकडी मूठ अर्धी तुटलेली. आधी बघायचं ते पात्याचं तोंड. तळाला जिथे चीर असते, तिथून बाजूच्या भिंतीपर्यंत केसासारखी रेघ गेली असेल तर रंधा परत ठेवायचा. बीड वेल्डिंगला सहजी दाद देत नाही. इथे रेघ नव्हती. मग कॅप उघडून पातं काढलं. त्याच्या लांब खाचेच्या खाली अजून चांगलं बोटभर पोलाद शिल्लक होतं. पात्याखालच्या बैठकीमागे तळावर ओतलेली अक्षरं होती, ती लाळेने पुसून वाचली: दोन तारखा १९०२ च्या, एक १९१० ची. या तीन तारखा एकत्र असलेला स्टॅन्ली साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा. अक्षरं वाचताना चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नसतं.

"मामा, केवढ्याला?"

"आठशे."

"मूठ तुटलीय. पातं घासावं लागंल."

"मूठ काय, सुताराला सांगा, शिसवाची करून देईल. लोखंड बघा ना. भवानी व्हायचीय अजून, सहाशे द्या."

भवानीचा भाव पुढे ताणू नये असा माझा दंडक आहे. सकाळी पहिलं गिऱ्हाईक मोकळं गेलं की विक्रेत्याचा दिवस खट्टू होतो, आणि पुढच्या बुधवारी त्याच ताडपत्रीवर आपल्याला यायचं असतं.

पटाशीचं वेगळं. तिची वरची बाजू कितीही गंजलेली चालते, पालथी सपाट बाजू मात्र धारेजवळ खड्ड्यांनी भरलेली असेल तर ती पटाशी कामातून गेली. धार ही दोन सपाट पृष्ठं मिळतात तिथे असते, आणि एक पृष्ठ खड्ड्यांचं असेल तर धारेला दात पडणारच. जुन्या इंग्रजी पटाश्यांच्या उतारावर आडवी पुसट रेघ दिसते: वर मऊ लोखंड, खाली कडक पोलादाचा पातळ पट्टा, लोहाराने तापवून एकजीव केलेले. पोलाद महाग होतं म्हणून ते जिथे हवं तिथेच वापरलेलं. अंगावर 'कास्ट स्टील' असा ठसा असेल तर ते मुशीतलं पोलाद. शेफिल्डला बेंजामिन हंट्समनने ती रीत १७४० च्या दशकात रुळवली. या ठशाने फसून ते बीड आहे असं समजणारे विक्रेते असतात. अशा वेळी त्यांचं ज्ञान वाढवायची जबाबदारी आपली नाही.

पाना घेताना आकडा वाचावा, आणि मापही घ्यावं. आपल्याकडे दहा-अकरा, बारा-तेरा हे पाने मिलिमीटरचे. पण जुन्या ढिगात 'डब्ल्यू' अक्षर ठोकलेले पाने निघतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं माप ठरवून दिलं, त्या पद्धतीचे हे पाने. गंमत अशी की त्यावरचा आकडा जबड्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. अर्धा इंच लिहिलेल्या पान्याचा जबडा भरतो सुमारे तेवीस मिलिमीटर. आजच्या गाडीला हे पाने निरुपयोगी, त्यामुळे ते किलोवर सुटतात. जुन्या बुलेटवाल्यासाठी मात्र तोच ढीग घबाड असतो. आपल्या नाशिकच्या तापडियाने १९६९ पासून स्वीडिश तंत्रज्ञानाच्या मदतीने पाने-पकडी बनवायला सुरुवात केली. तो जुना मालही बाजारात भरपूर निघतो आणि निर्धास्त घ्यावा. फक्त ठसा खोल आणि स्वच्छ आहे ना, हे बघावं. नकली मालावर अक्षरं उथळ आणि तिरकी पडतात.

शेगडा हे या बाजारातलं सगळ्यात मोठं सोनं आणि सगळ्यात मोठी फसवणूकही. तडकलेल्या बिडात एमसील भरून वर हिरवा रंग फासला, की तो हुबेहूब नवा दिसतो. खिशात छोटं चुंबक ठेवावं आणि रंगावरून फिरवावं. जिथे पकड सुटते तिथे आत लोखंड नाही. मग दांडा पूर्ण उघडून आटे मधल्या भागात बघावेत, कारण रोज तेवढेच वापरात येतात आणि तेवढेच झिजतात. जुन्या लेथच्या बेडचंही असंच: चकजवळचा भाग खोल गेलेला, पलीकडचा कोरा.

घेऊ नये ते थोडक्यात सांगतो. विजेवर चालणारं जुनं हत्यार, कारण त्याच्या वायरीचा आणि आर्मेचरचा भरवसा नाही. जुन्या कानशी, कारण बोथट कानस पुन्हा धारदार होत नाही. चाकू घडवायला हवी असेल तर गोष्ट वेगळी. मायक्रोमीटर मित्सुतोयोचा असो की स्टारेटचा, जबडे मिटवून शून्य जुळलं नाही किंवा फिरवताना कुठे घट्ट, कुठे सैल लागला तर नको. माप घेणारं हत्यार चुकीचं माप देत असेल तर ते फुकटही महाग.

गंजाला घाबरायचं कारण नाही. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवलं, सकाळी तारेच्या ब्रशने घासलं, सोड्याच्या पाण्यात धुतलं आणि लगेच तेल लावलं की बहुतेक हत्यारं वर येतात. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून विजेने गंज काढायची युक्तीही उत्तम. फक्त दुसऱ्या टोकाला स्टेनलेसचा तुकडा लावू नये, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होतं. पॉलिश मारून आरसा करणाऱ्यांचा मला राग येतो. त्या भरात ठसे आणि तारखा घासल्या जातात, आणि धारेचं काम तसंच राहतं.

गेल्या काही वर्षांत 'व्हिंटेज' हा शब्द ताडपत्र्यांवर पोहोचला आहे. काचेच्या कपाटात ठेवायला रंधे घेणारे येतात, तोंडाला येईल तो भाव देतात, आणि त्यामुळे शेजारी उकिडवा बसलेला सुतार रिकाम्या हाताने उठतो. माझं मत स्पष्ट आहे: हातात काम असेल तरच घ्या. मोडकं लाकडी दार दुरुस्त करायचं असेल तर रंधा, बुलेट खोलायची असेल तर व्हिटवर्थचे पाने. पहिल्या फेरीला चुंबक, सहा इंची पट्टी, जुनं फडकं आणि सुट्टे पैसे एवढं बरोबर न्या. रविवारी गर्दी असते, भावही चढे असतात. जमलं तर बुधवारी सकाळी जा.