स्पंदशामकाच्या आकारमानाची निवड

दट्ट्याच्या पंपातून द्रव अखंड धारेने वाहत नाही; तो हेलकाव्यांनी वाहतो. प्रत्येक हेलकाव्याबरोबर नळांतील दाब चढतो व उतरतो, आणि कालांतराने धातूस शीण येऊन जोड तडकतात. हे टाळण्यासाठी पंपाच्या मुखालगत नायट्रोजनने भरलेली रबरी पिशवी असलेले पात्र, म्हणजेच स्पंदशामक, बसवितात. दाब वाढताच वायू आकुंचन पावून जादा द्रवास जागा देतो; दाब उतरताच तो द्रव परत लोटतो.

पात्राचे आकारमान ठरविताना एक चूक सहज घडते. एकाच दट्ट्याचा, एकेरी क्रियेचा पंप दर फेऱ्यास १ लिटर द्रव देतो असे मानू. पात्रात साठवावा लागणारा भाग सुमारे ०.५५ लिटर भरतो. दाब सरासरीच्या वरखाली ५ टक्क्यांत राखावयाचा असून वायूचा आरंभीचा निरपेक्ष दाब सरासरीच्या ६० टक्के असल्यास, बॉईलच्या नियमाने ९ लिटरचे पात्र पुरेसे वाटते. परंतु तो नियम स्थिर तापमानापुरता आहे. जलद फेऱ्यांत वायूस उष्णता बाहेर टाकण्यास अवसर मिळत नाही व तो अधिक ताठर वागतो. नायट्रोजनचा घातांक १.४ धरल्यास सुमारे १३ लिटर लागतात. ९ लिटरच्या पात्राने चढउतार ७ टक्क्यांवर जातो.

तीन दट्ट्यांच्या पंपात हेलकावे एकमेकांस बव्हंशी भरून काढतात. तेथे बरेच लहान पात्र पुरते. तथापि वायूचा आरंभीचा दाब प्रत्यक्ष कामाच्या तापमानास हिशेबात धरणे, आणि पात्राची जोडनळी आखूड व रुंद ठेवणे, हे दोन्ही प्रकारांत सारखेच अगत्याचे आहे.