‘गुटगुटीत’ म्हणजे नेमकं किती?

मोठ्यांचा बीएमआय मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही; वय बघून, मुलगा की मुलगी ते बघून तो आलेखावर मांडावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी असे आलेख काढले. त्यात जादा वजनाची रेघ प्रौढांच्या २५ ऐवजी २३ शी जोडली आहे, कारण आपल्याकडे तुलनेने कमी वजनातही अंगावर चरबी जास्त असते. आजी ज्याला ‘चांगलं बाळसं’ म्हणते, ते इथे रेघेच्या वर निघू शकतं.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं घाम काढणारी हालचाल सांगते. आपल्याकडे व्हॅनने शाळा, स्कूटरवर मागे बसून क्लास, आणि परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला!

अडीचशे मिलीलिटर कोलात साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. चहात एवढी साखर घातली तर आपणच ओरडू.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला बंदी आहे. ५१ व्या मीटरवर गाडी उभी असतेच.

झोप मात्र कुणी मोजत नाही. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास लागतात. कमी झोपलेल्या मुलाला भूक जास्त लागते, तीही गोडाची आणि तळलेल्याची. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये सांगितलं ते झोपेसाठीच.