आपला जिल्हा कसा वसला, कसा झाला



ऊसनोंदीच्या निमित्ताने गट ऑफिसात मंडळी जमली की गप्पा निघतात. सटाण्याकडचा पाहुणा अहिराणीत बोलतो, सिन्नरकडच्याचे बोलणे नगरी वळणाचे, आणि पेठ-सुरगाण्याकडची भाषा आणखी निराळी. मग कोणीतरी विचारतोच, "साहेब, ही सगळी मोट एका जिल्ह्यात बांधली कोणी?"

कागदोपत्री उत्तर सोपे आहे. १८१८ साली पेशवाई गेल्यावर हा मुलूख इंग्रजांनी दोन कलेक्टरांत वाटला. गोदावरीकाठ अहमदनगरकडे आणि गिरणा-मोसमकाठ खानदेशाकडे गेला. १८६९ मध्ये नगरचे नाशिक, सिन्नर, निफाड, चांदोर, येवला वगैरे तालुके आणि खानदेशातले मालेगाव, नांदगाव, बागलाण एकत्र करून स्वतंत्र नाशिक जिल्हा केला. त्याआधी १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला चढली होती. पेठ संस्थान १८७८ मध्ये खालसा झाले. आज तालुके पंधरा आहेत. तेव्हा बोलीचा फरक हा जुन्या दोन कचेऱ्यांच्याही आधीचा, नदीखोऱ्यांचा आहे.

पण जिल्हा कचेरीत होतो, गाव शिवारात वसते. ती हकीकत फार जुनी. नाशकात गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केले. खालच्या थरांत रंगवलेली मडकी आणि दगडाची बारीक हत्यारे निघाली. म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या काठावर माणसाची वस्ती होती.

आम्हाला मात्र खरी गोडी वाटते ती पांडवलेण्यांतल्या लेखांची, कारण ते चक्क जमिनीचे दप्तर आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी गौतमीपुत्र सातकर्णी राजाने लेण्यातल्या भिक्षूंना काखडी गावी शेत दिले. हुकूम सुटला तो गोवर्धनच्या अमात्याला. हे गोवर्धन नाशिकजवळ अजून नांदते आहे. पुढे त्याच्या राज्याच्या चोविसाव्या वर्षी दुसरा हुकूम निघाला. त्याचा आशय असा, की दिलेले शेत कसले जात नाही आणि गावातही वस्ती नाही. सबब नगराच्या शिवेवरच्या सरकारी शेतातून शंभर निवर्तने जमीन द्यावी. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. दान कागदावर पक्के, सनद खुद्द राजाची, तरी कसणारा नाही म्हणून शेत फुकट! ज्यांच्या शिवारात पाटाचे शेवटचे पाणी पोचत नाही, त्यांना काखडीची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

दुसरा लेख तर सभासदांनी मुद्दाम ध्यानात घेण्यासारखा आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव ठेवली. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा, म्हणजे बरोबर २४०. पै-पैचा मेळ! शिवाय हे सारे नगराच्या सभेत जाहीर करून दप्तरी नोंदवले, असेही लेखात आहे. राजघराण्यातल्या माणसाने ठेव ठेवायला सावकार न शोधता कारागिरांची संघटना शोधली, याचे आम्हाला फार कौतुक वाटते.

पाण्याच्या बाबतीतही आपल्याकडे एकजुटीची रीत जुनीच. बागलाणात मोसमसारख्या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने भिजवणी होई. शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि उसाचा फड आळीपाळीने फिरवायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना शेतकऱ्यांनीच द्यायचा. आपली पाळी सोडून कोणी दारे फोडले तर गावच त्याचा समाचार घेई. (आमच्याही काही गटांत असा जागल्या हवा आहे, असो.)

गोदाकाठची गोष्ट निराळी. तिथे सरकारी पाट आले. नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आणि १९१६ चे दारणा धरण झाले, तेव्हा निफाड-सिन्नरच्या शिवारातून पाणी कोपरगावकडे गेले आणि दोन्ही काठांना बागायत धरली. पाण्यावरून नाशिक-नगरची जी ओढाताण आपण दर उन्हाळ्यात ऐकतो, तिचे एक मूळ या पाटांत आहे. जिल्ह्याची शीव १८६९ ला आखली, पाट पुढे त्या शीवेपलीकडे गेले.

काखडीचा लेख तीन क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर आहे. नाशकाला कामानिमित्त गेलात तर मुंबई रस्त्याने तासाभराची वाट वाकडी करून पाहून यावे. पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा ऊन चढण्यापूर्वी गेलेले बरे.