पुढे सोळा, मागे चोवीस

आमच्या लहानपणी गावातल्या एका डॉक्टरांकडे फोक्सवॅगनची जुनी बीटल होती. आम्ही मुले तिला ‘कासव’ म्हणत असू. ती पेट्रोल पंपावर आली की गंमत असे. पंपावरचा मुलगा पेट्रोलचे झाकण शोधत गाडीभोवती फिरे, कारण ते बॉनेट उघडल्याखेरीज दिसतच नसे. बॉनेट उघडले की आत इंजिन नाही! तेथे पेट्रोलची टाकी, स्टेपनी आणि थोडे सामान. इंजिन मागे, डिकीच्या जागी.

एकदा त्या मुलाने चारही चाकांत नेहमीच्या गाड्यांप्रमाणे सारखीच हवा भरली. डॉक्टर खाली उतरले, खिशातून हवेचे मापक काढले आणि पुढच्या चाकांतील हवा सोडू लागले. मुलाला वाटले, आपले काही चुकले. डॉक्टर एवढेच म्हणाले, “पुढे सोळा, मागे चोवीस. ही गाडी तशीच चालते.”

सोळा आणि चोवीस म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड दाब. पण हा फरक कशासाठी? मागे वजन जास्त म्हणून मागे हवा जास्त, हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या उत्तरात वळणाचे सारे यामिकशास्त्र आहे, आणि मोटारींच्या सुरक्षिततेच्या इतिहासातील एक मोठे प्रकरणही आहे.

इंजिन मागे का?

आधी या रचनेचे गुण पाहू. इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशी रचना असेल तर शक्ती मागे नेण्यासाठी गाडीच्या पोटाखालून एक लांब फिरता दांडा न्यावा लागतो. त्याच्यासाठी जमिनीत मधोमध उंचवटा येतो, वजन वाढते, खर्च वाढतो. इंजिन मागच्या चाकांपाशीच ठेवले की हे सगळे वाचते. पुढच्या चाकांनाच शक्ती द्यावी, तर ती चाके वळतही असतात. वळत्या चाकाला झटका न देता फिरवणारे सांधे त्या काळी महाग पडत. शिवाय वजन मागच्या चाकांवर असल्याने चढावर आणि चिखलात पकड चांगली मिळे, आणि पुढे वजन कमी असल्याने स्टिअरिंग हलके लागे.

म्हणून स्वस्त आणि छोटी गाडी करायची म्हटले की अनेक अभियंते याच रचनेकडे वळले. फर्डिनंड पोर्शे यांच्या बीटलचा आराखडा 1938 पर्यंत पक्का झाला होता. इटलीत दान्ते जियाकोसा यांनी 1955 मध्ये फियाट 600 आणि 1957 मध्ये छोटी फियाट 500 आणली. ब्रिटनमध्ये 1963 साली हिलमन इम्प आली. बीटलचे उत्पादन तर मेक्सिकोत 2003 पर्यंत चालू होते. तोवर 2 कोटी 15 लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

या गाड्यांच्या लकबीही मजेदार होत्या. बीटलचे इंजिन हवेने थंड होणारे, म्हणून रेडिएटर नाही, पाणी नाही, थंडीत ते गोठण्याची भीती नाही. सुरुवातीच्या बीटलमध्ये पेट्रोलचा काटाच नसे. गाडी आचके देऊ लागली की पायाने एक चावी फिरवायची आणि राखीव पेट्रोलवर पंप गाठायचा. नंतरच्या गाड्यांत समोरच्या काचेवर पाणी मारण्यासाठी पंप नव्हता. स्टेपनीतील हवेच्या दाबानेच ते उडे. म्हणजे काच धुता धुता स्टेपनीतली हवा कमी होणार! (ती फार कमी होऊ नये म्हणून मध्ये एक झडप असे.)

वळणावर काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वळण घेणाऱ्या गाडीला केंद्राकडे ढकलणारे बल लागते. ते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. गाडीचे 40 टक्के वजन पुढच्या आणि 60 टक्के मागच्या चाकांवर असेल, तर एकसारख्या वळणावर या बलाचाही 40 टक्के वाटा पुढच्या आणि 60 टक्के वाटा मागच्या चाकांनी उचलावा लागतो.

येथे एखादा हुशार विद्यार्थी विचारील, “सर, घर्षण वजनाच्या प्रमाणात असते. मागे वजन जास्त, तर घर्षणही त्याच प्रमाणात जास्त. मग अडचण कोठे आली?” प्रश्न उत्तम आहे. पाठ्यपुस्तकातला हा नियम लाकडी ठोकळ्याला चांगला लागू पडतो. रबराच्या टायरला मात्र तंतोतंत लागू पडत नाही. टायरवरचे वजन दुप्पट केले तर त्याची बाजूची पकड वाढते, पण दुप्पट होत नाही.

दुसरी गोष्ट अशी की टायर लवचीक असतो. वळणावर चाकाचे तोंड ज्या दिशेला असते त्याच दिशेने ते जात नाही, किंचित बाहेर सरकत जाते. या दोन दिशांमधील कोनाला आपण ‘सरककोन’ म्हणू. चाकाला जितके जास्त बाजूचे बल पुरवावे लागते, तितका सरककोन मोठा.

मागे इंजिन असलेल्या गाडीत चारही टायर आणि त्यांतील हवा सारखी असेल, तर मागच्या चाकांचा सरककोन पुढच्यांपेक्षा मोठा होतो. म्हणजे गाडीची शेपूट बाहेर झुकते आणि तोंड वळणाच्या आत, चालकाने मागितले त्याहून जास्त वळते. याला ओव्हरस्टिअर म्हणतात. तोंड अधिक वळले की वळण अधिक तीव्र होते, बल अधिक लागते, शेपूट आणखी बाहेर जाते. वेग जास्त असेल तर हे चक्र वाढत जाऊन गाडी गरकन फिरते. याच्या उलट, पुढची चाके जास्त सरकली तर गाडी चालकाने मागितले त्यापेक्षा कमी वळते. हा अंडरस्टिअर. तोही नकोसाच, पण त्यात वेग कमी केला की गाडी सहसा सावरते, आणि वेग कमी करणे हीच घाबरलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया असते.

ओव्हरस्टिअर करणाऱ्या गाडीत हीच प्रतिक्रिया घात करते. भर वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला की वजन पुढे ढकलले जाते, मागची चाके हलकी होतात, आणि इंजिनाचा अडसरही त्याच चाकांवर येतो. पकड सर्वांत जास्त हवी त्या क्षणी ती कमी होते.

डॉक्टरांच्या हवेचे कोडे आता सुटेल. पुढच्या चाकांत हवा कमी ठेवली की ती मऊ पडतात आणि त्यांचा सरककोन मुद्दाम वाढतो. मागची चाके कडक असल्याने त्यांचा कमी होतो. दोन्हींचा मेळ बसतो आणि गाडी शहाण्यासारखी वळते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

खराट्याची सुमारे फूटभर सरळ काडी घ्या. पोस्टकार्डाची बोटभर रुंद पट्टी कापून दोन सारखी कडी करा आणि काडीच्या दोन टोकांना चिकटवा. काडीच्या मध्यबिंदूपासून दोन बोटे पुढे चिकणमातीचा छोटा गोळा लावून ती बाणासारखी हलकेच फेका. ती सरळ जाईल. आता गोळा मध्यबिंदूच्या दोन बोटे मागे सरकवा आणि पुन्हा फेका. काडी हवेत वळेल, उलटी होऊ पाहील. वजन मागे आणि पकड दोन्हीकडे सारखी, म्हणजे आपली मागच्या इंजिनाची गाडी!

गोळा तेथेच ठेवून मागचे कडे दुप्पट रुंद पट्टीचे आणि मोठ्या व्यासाचे करा. काडी पुन्हा सरळ जाऊ लागेल. येथे हवा टायरचे काम करते. स्थैर्य केवळ वजन कोठे आहे यावर नव्हे, तर वजनाच्या मानाने पकड कोठे आहे यावर ठरते, हे मुलांना हाताने कळते.

आत मुडपणारे चाक

बीटल आणि तिच्या पिढीतील अनेक गाड्यांत आणखी एक गोम होती. मागच्या प्रत्येक चाकाच्या दांड्याला एकच सांधा असे, तोही गिअरपेटीजवळ. चाक दांड्याला कायम काटकोनात. त्यामुळे गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला की दांडे बाहेरच्या बाजूला उतरते होत आणि चाकांचे तळ आत मुडपत. जोरदार वळणावर बाहेरच्या चाकावर रस्त्याचे जे आडवे बल येई, तेच गाडीचा मागचा भाग वर उचलू पाही. मग चाक आत मुडपे, टायर कडेवर उभा राही, पकड घटे, आणि गाडी उलटण्याचीही भीती असे. पुढे दांड्याला दोन्ही टोकांना सांधे दिल्यावर हा दोष गेला.

कॉर्व्हेअरचे प्रकरण

अमेरिकेत जनरल मोटर्सने 1960 च्या मॉडेलसाठी शेव्हरोलेट कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली गाडी आणली. तिलाही एकसांधी दांडेच होते. समतोलासाठी पुढे 15 आणि मागे 26 पौंड दाब ठेवा, अशी सूचना होती. पण अमेरिकेतील पंपावरचा मुलगा आमच्या गावातल्या मुलाहून वेगळा कशाला असेल? पुढची चाके मऊ दिसली की तो हवा भरणारच. गाडीचा कल रोखायला पुढे एक साधी दांडी बसवता आली असती. ती 1964 च्या मॉडेलमध्ये आली, आणि 1965 मध्ये मागची रचनाच बदलली.

1965 च्या नोव्हेंबरमध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक निघाले. त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर होते. कंपनीने नेडर यांच्यामागे खाजगी गुप्तहेर लावले. ते उघडकीस आल्यावर 1966 च्या मार्चमध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत मोटार सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला.

न्याय दोन्ही बाजूंना हवा. 1972 मध्ये सरकारी संस्थेने चाचण्यांनंतर असा निष्कर्ष काढला की 1960 ते 1963 च्या कॉर्व्हेअर त्या काळच्या इतर तशा गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हत्या. पण त्यामुळे मूळ प्रश्न संपत नाही. हजारो माणसांची सुरक्षितता हवा भरणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर सोपवावी काय? चालकाला दोष देणे सोपे असते. चूक होणारच हे धरून रचना करणे अवघड असते, आणि तेच अभियंत्याचे काम आहे.

नॅनो आणि पुढे

हा धडा आपल्याकडच्या गाडीतही दिसतो. पुण्यात आराखडा झालेली, 2008 साली लोकांपुढे आलेली टाटा नॅनो अनेकांना आठवत असेल. तिचे 624 घनसेंटिमीटरचे इंजिन मागे होते, आणि सुरुवातीच्या नॅनोत पेट्रोल भरायला जुन्या बीटलप्रमाणेच बॉनेट उघडावे लागे. तिचे पुढचे टायर 135 मिलिमीटर रुंद आणि मागचे 155. आपल्या काडीचे मागचे कडे मोठे केले, तेच हे! हवेचा दाब विसरता येतो. टायरची रुंदी रोज कोणी विसरत नाही.

पोर्शेनेही 911 ही मागच्या इंजिनाची गाडी सोडली नाही. 1969 च्या मॉडेलमध्ये मागची चाके 57 मिलिमीटर मागे नेली, पुढे टायर रुंद केले, आणि ती मालिका आजही चालू आहे. विजेच्या अनेक मोटारींत मोटर पुन्हा मागे गेली आहे; पण जड बॅटरी जमिनीखाली पसरलेली असते आणि घसरणारे चाक ओळखून त्याला आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही सोबत असते.

आमच्या डॉक्टरांची बीटल कधी उलटली नाही. कारण तिचा स्वभाव त्यांना ठाऊक होता आणि मापक नेहमी खिशात असे. पण प्रत्येकाच्या खिशात मापक नसते. पुढच्या वेळी मुलांना घेऊन शहरातील बसथांब्यावर उभे राहाल, तेव्हा मागे इंजिन असलेली बस दाखवा आणि तिच्या मागच्या आसावर प्रत्येक बाजूला किती टायर आहेत ते मोजायला सांगा. पुढे एक आणि मागे दोन का, याची जितकी कारणे त्यांना सुचतील तितकी फळ्यावर लिहा.