बाळाचा पहिला विमानप्रवास आणि त्याचे कान

तान्ह्या बाळाला घेऊन विमानाने निघताय? २ वर्षांखालचं बाळ मांडीवर बसतं, तरी त्याचंही तिकीट लागतं. वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला जवळ ठेवा.

खरी काळजी कानांची. विमान खाली येऊ लागलं की केबिनमधला हवेचा दाब वाढतो, कानाच्या पडद्यावर ताण येतो आणि बाळ कळवळून रडतं. गिळताना घसा-कान जोडणारी नळी उघडते, दाब सारखा होतो. म्हणून सगळं दूध विमान उडतानाच पाजून टाकू नका. खाली येण्याची घोषणा झाली की अंगावर घ्या किंवा बाटली द्या. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रवासापुरतं दूध नेता येतं, तपासणीला ते वेगळं काढून दाखवा. जादा झबली सगळेच घेतात. आईसाठीही एक कुर्ता हातातल्या बॅगेत असू द्या.