प्लाझ्माची गाळणी का चोंदते?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे जीबीएसची, साथ आली आणि ‘प्लाझ्मा बदलणे’ हा उपचार वर्तमानपत्रांत वाचायला मिळाला. या आजारात नसांवर उलटलेली प्रतिद्रव्ये प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रव भागात, असतात. म्हणून रक्त बाहेर काढायचे, प्लाझ्मा वेगळा करायचा आणि पेशी बदली द्रवासोबत परत शरीरात सोडायच्या. एका बैठकीत साधारण अडीच-तीन लिटर प्लाझ्मा काढला जातो. त्यासाठी सेंट्रिफ्यूज वापरतात किंवा पडद्याची गाळणी. अडचण गाळणीची आहे.

पडद्याची छिद्रे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. लाल पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद, सर्वांत लहान असलेले बिंबाणूसुद्धा दोन-तीन मायक्रॉनचे. म्हणजे पेशी पलीकडे जाणार नाहीत, प्रथिने जातील. कागदावर हिशेब चोख आहे. पण एका मायक्रोलिटर रक्तात पन्नास लाखांच्या घरात लाल पेशी असतात. रक्त सरळ पडद्यावर ओतले, तर क्षणात त्यांचा थर बसतो आणि प्लाझ्मा ठिबकायचाही थांबतो.

चहाच्या गाळणीत चोथा साचला की आपण चमच्याने दाबतो. इथे तसे दाबले तर घात होतो. लाल पेशी कमालीची लवचीक. स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिनीतूनही ती दुमडून निघून जाते. दाब वाढला की तिचे आवरण जिभेसारखे छिद्रात ओढले जाते. छिद्राला बूच बसते आणि दाब आणखी वाढला की पेशी फुटते. आतले हिमोग्लोबिन पलीकडे उतरते आणि पिवळसर प्लाझ्मा गुलाबी दिसू लागतो.

म्हणून रक्त पडद्यावर आदळू न देता त्याच्या कडेने वाहते ठेवतात. गाळणीत बारीक पोकळ तंतूंचा जुडगा असतो. एकेकाचा आतला व्यास मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश. रक्त तंतूच्या लांबीने धावते आणि प्लाझ्मा भिंतीतून बाजूला झिरपतो. भिंतीलगतच्या घर्षणामुळे पेशी मध्याकडे सरकतात, साचू पाहणारा थर वाहून जातो. प्लाझ्मा पेशींना भिंतीकडे ओढतो, प्रवाह त्यांना आत ढकलतो. या ओढाताणीत प्रवाह वरचढ राहिला तरच गाळणी चालते.

तरी हाव नडतेच. १०० मिलिलिटर रक्तात ४५ मिलिलिटर पेशी धरा. त्यातून २० मिलिलिटर प्लाझ्मा काढला, तर उरलेल्या रक्तात पेशी ५६ टक्के होतात. ३० काढला, तर ६४. इतके दाट रक्त तंतूच्या शेवटच्या टोकाला रेटणे कठीण. काम लवकर उरकावे म्हणून प्लाझ्मा ओढून घेणाऱ्या पंपाचा वेग वाढवण्याचा मोह इथेच महागात पडतो.

प्रथिनांचा त्रास वेगळा. फायब्रिनोजेनसारखी प्रथिने पडद्याला चिकटून छिद्रे आतून अरुंद करतात. त्यात रक्त गोठू लागले तर विचारायलाच नको. म्हणून हेपरिन किंवा सायट्रेट देतात.

यंत्रावर पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दिसत असतो. तो चढू लागला की तंत्रज्ञ आधी प्लाझ्माचा पंप हळू करतो. नुसता पेशींचा थर असेल तर तो धुऊन जातो आणि आकडा उतरतो. नाही उतरला, तर प्रथिने किंवा गुठळ्या अडकल्या आहेत असे समजून फिल्टर बदलावा लागतो.