इमारत कोसळली तर मदत कुठून येते? आणि तुमचा फोन त्यात काय करू शकतो?

२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी. मध्यरात्री १२ नंतर विरार पूर्वेच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा मागचा भाग कोसळला. १७ जणांचा जीव गेला. वाचलेल्या कुटुंबांना आमच्या चंदनसारच्या समाज मंदिरात हलवलं होतं. तेव्हा मला बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "एनडीआरएफ लगेच का नाही येत?"

उत्तर सोपं आहे. सगळ्यात आधी पोचतं ते आपल्या महापालिकेचं अग्निशमन दल. माणसं कमी पडली की शेजारच्या शहराकडे मदत मागायची, आणि त्याहून मोठं काम असेल तर जिल्हा प्रशासन एनडीआरएफला बोलावतं. महाराष्ट्रासाठीची एनडीआरएफची ५वी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, म्हणजे इथून साधारण दीडशे किलोमीटर. म्हणून पावसाळ्यात काही तुकड्या आधीच कोकणपट्टीत आणून ठेवतात. एका तुकडीत साधारण ४५ जण: इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन, वैद्यकीय कर्मचारी आणि वास घेऊन माणूस शोधणारे कुत्रे.

हे सगळं प्रत्येक पालिकेने ठेवायचं म्हटलं तर परवडणार नाही. ठाणे महापालिकेने मात्र स्वतःचं टीडीआरएफ उभं केलंय. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत जिलानी बिल्डिंग पडली तेव्हा एनडीआरएफसोबत ढिगाऱ्यावर तेही होतं. शेजाऱ्याचं पथक आपल्या कामी येतं ते असं. माझ्या मते वसई-विरारएवढ्या शहराला असं एक पथक हवंच.

ढिगाऱ्यात माणूस शोधतात कसा? बारीक फटीतून लांब दांड्याचा कॅमेरा आत सोडतात. दुसरं यंत्र कंपनं आणि आवाज पकडतं. त्यासाठी मध्येच सगळी मशिनं बंद करून शांतता पाळावी लागते. अशा वेळी गर्दीत कोणी रील बनवत बोलत असेल तर आतली ठकठक ऐकूच येणार नाही. विजयनगरला तर गल्ली इतकी अरुंद होती की सुरुवातीला मोठी यंत्रं आत जाईनात, ढिगारा हाताने उपसावा लागला. यंत्र कितीही भारी असू दे, बाइक आडवी लावली की संपलं.

आता फोनचं बघू. फायर ब्रिगेडचा नंबर १०१, आणि एकच लक्षात ठेवायचा तर ११२. अँड्रॉइड १२ किंवा पुढचं व्हर्जन असेल तर सेटिंग्जमध्ये 'इमर्जन्सी एसओएस' शोधा. ते चालू केलं की पॉवर बटण पटापट पाच वेळा दाबून कॉल लागतो. आयफोनमध्येही अशी सोय आहे.

पत्ता सांगताना आपल्याकडे खरी पंचाईत होते. "चाळीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ" यावरून बाहेरची तुकडी काय शोधणार? गूगल मॅप्समध्ये आपल्या जागेवर बोट दाबून धरा, 'प्लस कोड' दिसेल. घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये तो आजच सेव्ह करा. सोबत कोणत्या मजल्यावर किती माणसं राहतात हेही सोसायटीच्या ग्रुपवर पिन करून ठेवा. खोदायचं कुठे हे पथक त्यावरून ठरवतं.

आणि कोणी आत अडकलं असेल तर पन्नास जणांनी त्याला फोन लावत बसू नका. एकानेच मेसेज टाका, बॅटरी वाचवा. आतल्याने सारखं ओरडू नये, धूळ घशात जाते. पाइपवर किंवा भिंतीवर थांबून थांबून ठोकत राहावं.